एका नंबरावर एकच अर्ज

वेबसाइट करून देणं हा माझा धंदा, पण खरा शौक ती दाखवण्याचा. साइट तयार झाली की मी नुसता मेल पाठवत नाही. गिऱ्हाइकाच्या केबिनमध्ये जातो, पडदे ओढायला लावतो, प्रोजेक्टर मांडतो, घसा साफ करतो. नंदुरबारात नाटकं क्वचित येतात. ती उणीव मी अशी भरून काढतो.

त्या वर्षी मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेचं काम होतं. दहावीनंतर शिकायला डोंगरातून खाली येणाऱ्या मुलींचे अर्ज आता ऑनलाइन घ्यायचे होते. संस्थेचे अध्यक्ष तापीकाठचे मोठे शेतकरी. पडद्यावर स्वतःचा हसरा फोटो उमटताच त्यांनी डोळे बारीक केले.

"मन्हा फोटो इतला न्हाना का शे रे? मी काय चपराशी शे का आठला?"

"आबा, फोटो मोठा केला तर अर्जाचं बटण खाली जाईल."

"जाऊ दे ना खाले! ज्याले गरज शे तो शोधी."

फोटो मोठा केला. बटण खाली गेलं. पण माझी खरी करामत पुढे होती. लोक धास्तीनं तोच अर्ज चार-चार वेळा भरतात, मग यादीत एकच मुलगी चारदा येते. त्यावर माझा तोडगा: एका मोबाइल नंबरावर एकच अर्ज. त्याच नंबरावरून दुसरा आला की पहिला आपोआप पुसला जाणार. शिवाय अर्ज पोचला की पडद्यावर झेंडूची फुलं पडणार! फुलं पडली तसे अध्यक्ष लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. मी कमरेत वाकून मुजरा केला. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि दोघांपैकी कुणालाही वसतिगृहात राहायचं नव्हतं.

यादी लागल्यावर चार दिवसांनी एक बाई माझ्या ऑफिसात आली. धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरची आशा कार्यकर्ती. औषधाच्या गोळ्या, लसीकरण, बाळंतिणींची नोंद, सगळं तिच्याकडे. जीपच्या प्रवासानं केस धुळीनं पांढरे झालेले. तिनं फोन टेबलावर ठेवला.

"सर, फुलं सहा वेळा पडली. मुलगी एकच लागली."

पाड्यावर नेटवर्क नव्हतं. टेकडीवर एका खडकाजवळ मिळायचं, आणि नेट चालणारा फोन तेवढा हिचा. एका दुपारी सहा मुलींना घेऊन ती वर चढली आणि आपल्याच नंबरावर सहाही अर्ज भरले.

"कुणाचा आधी भरलात?" मी विचारलं. उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"लोकांच्या मुली आधी. माझी शेवटी. आपल्या घरचं शेवटी करायचं असतं ना?"

मला रंगमंचावरचे थांबे छान जमतात. हा थांबा मात्र माझ्या हातात नव्हता.

"ताई, आधीचे पाचही अर्ज पुसले गेले."

"कुणी पुसले?"

सिस्टीम, सर्व्हर, नेटवर्क, असे बरेच आरोपी तोंडाशी येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "मी."

ती चिडली नाही. म्हणाली, "मग पाड्यावर येऊन हे सांगा. लोक म्हणतात, मी पुसले. आता माझ्या हातची गोळीसुद्धा कुणी घेत नाही."

मी अध्यक्षांना फोन लावला. "यादी लागी गई, जागा भरी गयात. आते काय व्हवाव नही. पुढला वरीस दखू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्यावर काय चिडू? साइट कोण वापरणार, कुठे बसून, कुणाच्या फोनवर, हे विचारणं माझं काम होतं. मी पैसे देणाऱ्याला खूश केलं आणि वापरणारीला पाहिलंच नव्हतं. त्या टेकडीवर एक दुपार बसलो असतो तर पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर वर गेलो. घाटातल्या वळणांवर भाषण मनात घोळवलं. एका अंगणात पाच घरची माणसं जमली. हात जोडून मी कबुली दिली, आणि चांगली दिली, असं मला वाटत होतं. पण माझी मराठी, त्यांची पावरी. माझं प्रत्येक वाक्य तीच पावरीत सांगत होती. अर्ध्यावर आल्यावर मला ते दृश्य त्यांच्या डोळ्यांनी दिसलं: इस्त्रीचा शर्ट घातलेला कुणी परका हातवारे करतोय, आणि ही बाई सांगतेय की आपला स्वतःचा काही दोष नाही.

एक म्हातारा काहीतरी बोलला.

"काय म्हणाले?"

"विचारतात, हे तो बोलला का तू?"

मागे त्या पाच मुली उभ्या होत्या. शाळेत शिकलेल्या, माझा शब्द न् शब्द त्यांना कळला होता. त्यातल्या एकीला मी म्हणालो, "बाळ, तू सांग ना यांना."

ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "फोन तिचा. लागली तिची मुलगी. मी काय सांगू?"

आलेली माणसं एकेक करून उठून गेली.

आशाताई मला जीपपर्यंत सोडायला आली. "सर, माझ्या मुलीचा अर्ज काढून टाका. जागा त्या पाचांतल्या कुणालाही द्या."

"तशी देता येत नाही, ताई. त्यांचे अर्जच नाहीत. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल."

"तरी काढा."

"मुलीला विचारलंत?"

"तीच म्हणाली. तुम्ही खाली जाल. आम्हाला इथंच राहायचं आहे."

नंदुरबारला आलो, साइट उघडली. अर्ज मागे घ्यायची सोयच नव्हती. मिळालेली जागा कुणी परत करेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग साइटच्या पोटात शिरून तिच्या मुलीची ओळ मी हातानं पुसली. तिची जागा शहाद्याकडच्या कुणा मुलीला गेली.

महिन्याभरानं मी ताईला फोन केला. लोक गोळ्या घेतात का, विचारलं.

"दोन घरं घेतात," ती म्हणाली.