काकांची आगबोट

एडिसनमधून कोणीही भारतात निघालं की एअरपोर्टला सोडायला आमच्या शेजारचे रिटायर्ड काका हजर. स्वतः मात्र काकू वारल्यापासून एकदाही भारतात गेलेले नाहीत. राइड नको म्हटलं तर रुसतात, आणि हो म्हटलं तर रस्ताभर त्यांच्या लाडक्या आगबोटीची गोष्ट ऐकावी लागते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, माणसं आणि माल दोन्ही नेणारी, इंजिनाचा भरवसा नाही म्हणून शिडंही लावलेली.

परवा तर त्यांनी ड्राइव्हवेवरच माझी बॅग उघडली.

"अगं, जड सामान तळाला. अशानं बोट कलंडते."

"काका, ही बॅग आहे! फ्लाइट मिस होईल माझी!"

तरी बदामांची पाकिटं तळाला गेलीच. मग सावकाश गाड्यांच्या उजव्या लेनमधून बैलगाडीच्या वेगानं आम्ही निघालो. शेवटी वैतागून मी म्हटलं, "बुडाली ना एकदाची ती बोट?"

"छे! म्हातारी झाल्यावर इंजिन काढलं आणि बंदरातच नांगरून ठेवली. जाणाऱ्या बोटींना कोळसा द्यायला."

टर्मिनलवर बॅग उतरवून ते म्हणाले, "पोचलीस की मेसेज कर."

दारातून मी वळून पाहिलं. गाडी हलवा म्हणून पोलीस ओरडत होता, आणि काका हात हलवत तिथेच उभे होते.