झिजणारे टायर

नव्या रबराचा वास आला की मी मनाने वाशीमच्या त्या टायरच्या दुकानात जाऊन उभा राहतो. पुण्याहून शेलूबाजारला घरी आलो होतो आणि दुसऱ्याच दिवशी परत निघायची घाई होती. लांब पल्ल्याच्या माझ्या मोटारसायकलचे टायर पार गुळगुळीत झालेले, आणि नवे आपल्या वाशीममधूनच घ्यायचे हा बाबांचा हट्ट, म्हणून त्यांना मागे बसवून आलो. बाहेर ऊन रणरणत होतं. किल्ली बोटावर फिरवत मी एकच विचारत होतो, "सगळ्यात जास्त टिकणारे कोणते?" दुकानदाराने मागवून ठेवलेल्या दोन जोड्यांपैकी एक पुढे केली, मधोमध कडक, कडेला मऊ. "हे न्या, लवकर बदलाचं कामच नाही." सोयाबीनच्या दाण्याचा ओलावा पाहावा तसं बाबांनी रबरात नख रुतवलं. "एवढे टिकणारे नका देऊ त्याले," ते दुकानदाराला म्हणाले, "लवकर झिजणारे द्या. टायर बदलाले तरी पोरगा घरी येईन." दुकानदार हसला, मीही हसलो, आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. आज पुण्यात तेच टायर बदलायला आलोय. ते खरंच टिकले, बाबांपेक्षा जास्त.