सासूबाई गेल्या, म्हणजे कुठे?

पडदेवालीला सगळा मजला याच नावाने ओळखतो. तिच्या पडद्यांच्या चुण्या अशा एकसारख्या पडतात, की पाहुणे पडदा सारायला बिचकतात. हात सतत मशीनवर, तोंड मात्र मोकळं. आणि ते ऐकायला घरात कुणी बसत नाही. म्हणून ती फोनमधल्या एआय सहायकाशी बोलते. जाड कापडाला सुई कोणती, इथून सुरू होतं आणि नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत जातं. तिला कौतुक एवढंच, की हा कालचं आज विसरत नाही. "नवऱ्याला चारदा सांगावं लागतं, याला एकदा!"

सासूबाई लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा ती मशीन थांबवून फोनला म्हणाली होती, "सासूबाई गेल्या एकदाच्या! आता त्यांच्या खोलीत कापडाचे तागे ठेवीन म्हणते."

महिनाभराने सासूबाई परत आल्या. पण बॅग काही उघडेनात. "लेक म्हणतेय, कायमची ये. बघू, ठरवते."

महिनाभर पडदेवालीला दुपारचं एकटीचं जेवण गोड लागलं नव्हतं. भांडायला का होईना, समोर माणूस हवं. पण 'राहा' म्हणायला जीभ उचलेना. तिने आडवाट धरली. "आई, तुमच्या खोलीला नवे पडदे शिवते. रंग तुम्हीच विचारा याला."

सासूबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. "सासूच्या खोलीला कोणता रंग शोभेल?"

"तुमच्या सासूबाईंच्या निधनानंतर ती खोली तुम्ही ताग्यांसाठी वापरणार होता," फोन हळुवार म्हणाला. "तरी त्यांची आठवण म्हणून फिका रंग बरा वाटेल."

"अगं बाई! मी मेले? कधी?"

"अहो आई, 'गेल्या' म्हणजे ताईंकडे गेल्या म्हटलं होतं मी!"

"हिचे शब्द काय होते, सांग रे."

"नेमके शब्द माझ्याकडे नाहीत. बोलण्यातलं उपयोगाचं तेवढं मी टिपून ठेवतो. चुकलं असेल तर काढून टाकता येईल."

"'गेल्या एकदाच्या' म्हणाली असणार," सासूबाई म्हणाल्या. "उगाच नाही कुणी माणसाला मारत."

सून पुटपुटली, "म्हणाले."

"मीही गाडीत बसल्या बसल्या म्हटलं, सुटले एकदाची! फिटंफाट." सासूबाईंना आता चेव चढला. त्या पुन्हा फोनला म्हणाल्या, "आणखी काय टिपलंयस माझ्याबद्दल?"

फोनला वाटलं, मालकीणच विचारतेय. "तुम्ही पडदे शिवता. मापं सेंटिमीटरमध्ये घेता. पायडल मारून तुमचा डावा गुडघा सुजतो, पण ते घरी कुणाला सांगायचं नाही, असं म्हणाला होता."

सासूबाईंनी फोन खाली ठेवला.

"सुजतो? आणि हे या डबीला सांगितलंस, मला नाही?"

"तुम्ही म्हणाला असता, नाटकं करते."

"म्हणालेच असते. आणि शेकलाही असता."

पडदेवालीने मान फिरवून दोरा ओवायला घेतला. तो काही ओवला जाईना.

"तेवढं मी मेल्याचं पुस आधी," सासूबाईंनी फोनला दम भरला आणि आतल्या खोलीकडे वळून मुलाला हाक मारली, "अरे, माझ्या पलंगावरचे तागे उचल! आणि पाणी तापत ठेव, हिचा गुडघा शेकायचाय."