विहिरीजवळचा उकिरडा

निजामाच्या राज्यात लग्न होऊन मी औरंगाबादला आले, तेव्हा आमच्या घरामागच्या विहिरीजवळच शहराच्या कचऱ्याच्या बैलगाड्या रित्या होत. ऊन तापलं की घाण वासानं आणि माश्यांनी घास गिळवत नसे. सासूबाई आणि शेजारच्या खाला सफाईच्या दरोग्याकडं कितीदा गाऱ्हाणं घेऊन गेल्या. तो दरवेळी म्हणायचा, "बंदोबस्त हो जाएगा, अम्मा."

खालांच्या नातीला हगवण लागली, तेव्हा दोघी सरळ गाडीवाटेवर जाऊन बसल्या. मीही पदर खोचून त्यांच्याशेजारी बसले. गाड्या अडल्या. अखेर दरोगा आला आणि खेकसला, "मग टाकायचं कुठं?"

"पाण्यापासून लांब खड्डा खणा अन् वर माती लोटा," सासूबाई म्हणाल्या. "इतकं बी व्हत नाय का?"

खड्डा कुणी खणला नाही. दुसऱ्या दिवसापासून गाड्या नाल्यापलीकडच्या वस्तीला लागून रित्या होऊ लागल्या. नात बरी झाली, गल्ली खूश झाली. सासूबाई मात्र धुमसत होत्या. "तिथं काय माणसं ऱ्हात न्हाईत?" असं म्हणत त्या खालांना घेऊन पुन्हा दरोग्याकडं गेल्या.

तो चकित होऊन म्हणाला, "आता तुमची काय तक्रार?"