आबांचा पक्षप्रवेश

आमच्याकडे लग्न असो की साखरपुडा, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "काकू, तो बसचा किस्सा सांगा ना." मी आढेवेढे घेते. म्हणजे पदर सावरून खुर्ची पुढे ओढेपर्यंतच घेते. किस्सा असा, की माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते आयुष्यभर ज्या पक्षात होते त्याच पक्षात एक दिवस वाजतगाजत नव्याने दाखल झाले. लोक पोट धरून हसतात. मी हसण्यापर्यंत सांगते. पुढचं लग्नघरात शोभत नाही.

आबा मूळचे शिंदखेड्याकडचे. तरुणपणी सुरतेला, उधन्याच्या एका मिलमध्ये आले, कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण तुम्ही काय करता असं कुणी विचारलं, तर मिल नंतर यायची. आधी, "मी पार्टीत आहे." पार्टीत म्हणजे कुठे, तर कुठेच नाही. पद नव्हतं, तिकीट त्यांनी स्वप्नातसुद्धा मागितलं नसेल. झेंडे बांधायचे, खुर्च्या मांडायच्या, गुजराती पुढाऱ्याचं भाषण आमच्या खानदेशी गल्ल्यांना आपल्या बोलीत समजावून सांगायचं. प्रदेशाचं अधिवेशन असलं की सतरंजीवर झोपून यायचे. प्रदेशाध्यक्षांनी स्टेजवरून हात हलवला, तर तो आपल्यालाच हलवला अशा आनंदात महिना काढायचे.

त्यांचा तोरा एकाच गोष्टीचा. मोठमोठे नेते इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले, आबांनी उडी मारली नाही. पक्षाचं ऑफिस उघडायला कुणी नसायचं तेव्हाही हेच शटर वर करून बसायचे.

चौकातल्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, त्यांचे एक दोस्त भेटायचे. रेल्वेतून निवृत्त, समोरच्या पक्षाचे, तितकेच कट्टर आणि तितकेच बिनपदाचे. आम्ही त्यांना रेल्वेकाका म्हणायचो. दोघं रोज भांडायचे.

"तुमच्या प्रदेशाध्यक्षाला उधना कुठे आहे, ते तरी ठाऊक आहे का रे?" रेल्वेकाका विचारायचे.

"तुमच्याकडे प्रदेशाध्यक्ष आहे का सध्या? का अजून दिल्लीहून निघायचाय?"

मग चहाचे पैसे कोण देणार यावरून पुन्हा भांडण.

निवडणूक तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. आमच्या वॉर्डाच्या तरुण प्रमुखाने प्रदेशाला शब्द दिला, की समोरच्या पक्षाचे बसभर मराठी कार्यकर्ते घेऊन येतो. आमच्याकडच्या पर्वत पाटियाहून प्रदेश कार्यालयाकडे बस निघाली. व्यवस्थेला म्हणून आबा, आणि बायका दिसायला हव्यात म्हणून मी. माझी विचारधारा स्पष्ट होती. एक दिवस स्वयंपाक चुकणार होता आणि तिकडच्या जेवणात श्रीखंड आहे असं ऐकलं होतं.

कडोदऱ्याच्या नाक्यावर चढायचे होते ते निम्मे लोक चढलेच नाहीत. ते दुसऱ्याच कुठल्या पक्षाच्या बसमध्ये बसून गेले, असं मागाहून कळलं.

प्रदेश कार्यालयात हा झगमगाट. कॅमेरे, बँडबाजा, हातात खेस घेऊन उभे असलेले प्रदेशाध्यक्ष. आमच्याकडे कुणाला पक्षात घेतात तेव्हा गळ्यात पक्षाचा खेस, म्हणजे उपरणं, घालतात. पण सत्कारालाही तोच घालतात. घोटाळा तिथेच झाला. रांग तोकडी पडतेय म्हटल्यावर वॉर्डप्रमुख घामाघूम होऊन आबांकडे आला. "काका, बे मिनिट लाइनमां आवी जाओ ने."

आबांना वाटलं, जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार आहे. त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन उभे राहिले. मलाही कुणीतरी खांद्याला धरून मागे उभं केलं. प्रदेशाध्यक्षांनी आबांच्या गळ्यात खेस घातला, दोन्ही हात हातात घेतले. येताना बसमध्ये आबा खिडकीशी बसून एकटेच हसत होते. "बघ सूनबाई, उशिरा का होईना, प्रदेशाने ओळखलं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मध्यभागी आबा, त्यांच्या खांद्यामागे तोंड उघडं असलेली मी. खाली गुजरातीत लिहिलेलं, की समोरच्या पक्षाच्या कारभाराला कंटाळून या सर्वांनी आमच्या पक्षात प्रवेश केला. सासूबाईंना नातवाने वाचून दाखवलं. त्यांनी आबांकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आते उनात का पक्षमा? मंग इतला दिन कोठे व्हतात?"

इथे किस्सा संपतो. मी मात्र त्या दिवशी खरोखरच पक्षात आले, मला अजून कुणी काढलेलं नाही, असं म्हणून मी टाळ्या घेते.

पेपर आला त्या सकाळी आबा लारीवर गेले, तर रेल्वेकाका भांडलेच नाहीत. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "इतकी वर्षं तू आमच्यात होतास, मला सांगितलं नाहीस. आणि जातानाही सांगितलं नाहीस." लारीवर हशा पिकला. आबा चहा अर्धा ठेवून घरी आले. मग ते रोजचंच झालं. भाजीवाला विचारायचा, रिक्षावाला विचारायचा, आबा, तिकडे काय कमी पडलं? सगळी थट्टाच. पण आबांच्या नावावर जमा असलेली एकुलती एक गोष्ट तीच होती, आणि तीच थट्टेवारी गेली होती.

ते वॉर्डप्रमुखाकडे गेले. मागणं लहानच होतं. पुढच्या सभेत उभं राहून एक वाक्य बोल, हा माणूस पहिल्यापासून आपला आहे.

"काका, तसं बोललो तर बाकीच्यांचं काय म्हणू? प्रदेशाला आकडा कळवलाय. आणि नवे काय, जुने काय, आपलेच ना?"

मग आबांनी ठरवलं, प्रदेशालाच जाऊन सांगायचं. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, इच्छाही नव्हती, म्हणून सोबत मी गेले. तिथल्या पदाधिकाऱ्याने, खोटं कशाला बोलू, फार चांगलं वागवलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. आबांनी सगळं सांगितलं. त्यांचं गुजराती राग आला की अहिराणी व्हायचं, त्यामुळे अर्धं मी सांगितलं, म्हणजे अजूनच गोंधळ. त्याने फोनमध्ये फोटो शोधला आणि त्याचा चेहरा एकदम फुलला. "अरे, तुम्ही तर सुरतचे आमचे नवे मराठी बंधू! काही अडचण आली तर हक्काने येत जा."

आबांनी हात जोडले.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले. भरूच मागे पडलं. नर्मदेचा पूल आला तेव्हा खिडकीकडे बघतच म्हणाले, "आपल्या ऑफिसात आलेल्या-गेलेल्याला पाणी मी द्यायचो. आज मला दिलं."

त्यानंतर ते पक्षाच्या ऑफिसात गेले नाहीत. प्रचाराच्या गाड्या गल्लीतून गेल्या तेव्हा उठून दार लोटून घेतलं. लारीही सुटली. रेल्वेकाका घरी यायचे, मुद्दाम काहीतरी खोचक बोलायचे, आबा नुसते "असेल" म्हणायचे. "असेल काय? भांड की!" रेल्वेकाका चिडायचे. मिलने दिलेला जुना खोकला होताच, तो छातीत उतरला. हिवाळा संपायच्या आत आबा गेले.

सुतक संपतं त्या दिवशी, गंधमुक्तीला, गल्लीत मांडव घातला होता. आमच्याकडे त्या दिवशी चार माणसं उभी राहून श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतात. वॉर्डप्रमुखही आला होता. वाईट मनाचा नव्हता तो, डोळे ओले होते त्याचे. त्याने फोन काढला आणि प्रदेश कार्यालयाकडून आलेला शोकसंदेश वाचला. "थोड्याच काळापूर्वी आमच्या परिवारात सामील होऊनही काकांनी..."

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. माझा नवरा उठायला लागला, पण त्याच्या आधी मांडवाच्या मागच्या टोकाला रेल्वेकाका उठले. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. "मी समोरच्या पक्षाचा माणूस आहे. माझ्या पक्षाची या गल्लीतली मतं फोडली ती ह्याने. दर निवडणुकीला फोडली. ज्या घरी मी सकाळी चहा पिऊन यायचो, त्या घरी हा संध्याकाळी जाऊन बसायचा. हा आमच्याकडे एक दिवसही नव्हता. असता तर मी गावभर पेढे वाटले असते." त्यांनी वॉर्डप्रमुखाकडे बोट केलं. "हा तुमचाच होता. पहिल्यापासून तुमचाच. लिहून कळवा तुमच्या प्रदेशाला." आणि खाली बसले.

वॉर्डप्रमुखाने संदेश पुढे वाचला नाही.

पंगती उठल्यावर रेल्वेकाका मला शोधत आले. "सूनबाई, चूक तर नाही झाली? त्याच्या पक्षाचे लोक, त्यांच्यासमोर मी बोललो. रागावला असता का गं तो?"

"रागावले असते," मी म्हटलं. "तुम्हाला चांगलं उत्तर दिलं असतं."

त्यांनी मान हलवली. तरी निघेनात. चपला पायात घालून झाल्यावरही दारात तसेच उभे होते, ते उत्तर ऐकूनच जाणार असल्यासारखे.