दुसरी भाकरी

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आमच्या सोलापुरातल्या गल्लीतली एक बाई बँकेची चांगल्या पगाराची नोकरी सोडून बायकांना मालिश करायला लागली. शेजारीण टोचून बोलायची, "पंख्याखालची खुर्ची सोडून हे काय गं?" ती म्हणायची, "तिथं माझेच हात गार पडले होते की!"

माझा उजवा हात मोडला होता. प्लास्टर काढल्यावर तो वर होईना, भाकरी थापता येईना. ती रोज मालिशला यायची. कोमट तेल आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. चोळताना मी कळवळले की 'आई गं' तीच म्हणायची.

एका सकाळी तिनं परात माझ्यापुढं सरकवली. "थापा, आक्का."

भाकरी वाकडी झाली, कडेला फाटली. माझे डोळे भरले. तिनं मात्र शेंगाची चटणी मागून घेतली आणि चुलीपाशी बसून ती भाकरी अख्खी खाल्ली.

"दुसरी टाका की, आक्का. भूक आहे अजून."

मी पीठ मळायला घेतलं.