रंगबाईची पारख

रंगबाईला तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारलेली गेल्या तीस वर्षांत कुणाला आठवत नाही. कापडगिरणीच्या रंगखात्यात तिने सव्वीस वर्षं काढली. तिथे तिला एकच काम होतं. रंगून आलेला तागा खिडकीच्या उजेडात धरायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतो की नाही ते सांगायचं. ती नाही म्हणाली की मॅनेजरसुद्धा हूं की चूं न करता तागा परत पाठवायचा. पांढऱ्या रंगाचे प्रकार किती, असं एकदा एका नव्या साहेबाने विचारलं, तर ती म्हणाली, "कुणाला विचारताय त्यावर आहे. तुम्हाला विचारलं तर एक." नाकावर माशी बसू न देणारी बाई होती, आणि बसलीच तर आधी तिचा रंग सांगेल, असं खात्यातले लोक पाठीमागे म्हणायचे.

नोकरी संपल्यावर तिने वस्तीच्या टोकाला तीन एकरांचा तुकडा घेतला आणि मेंढ्या-शेळ्या पाळल्या. अकरा मेंढ्या, सात शेळ्या. मुलगा दूरच्या बंदरावर कामाला, वर्षातून दोनदा घरी यायचा. घरात ती आणि सून. सून घरीच शिवणकाम करायची. बोलायला कमी, हाताला चपळ. सासूने काही सुनावलं की "बरं" म्हणायची आणि मशीनचं पायडल जरा जोरात मारायची.

रंगबाईची जनावरं पाळायची पद्धत सगळ्या वस्तीच्या चेष्टेचा विषय होती, आणि नंतर कौतुकाचाही झाली. तिने जमिनीचे आठ तुकडे पाडले होते. जनावरं एका तुकड्यात चारच दिवस ठेवायची, मग जाळीचं कुंपण उचलून पुढच्या तुकड्यात लावायचं. आधी शेळ्या सोडायच्या, त्या झुडपं ओरबाडतात. मागून मेंढ्या, त्या गवत खातात. गवत वीतभर राहिलं की मुक्काम हलवायचा, कारण जंतांची पिल्लं गवताच्या बुडाशी असतात. लेंड्या भाजीच्या वाफ्यात. खताचं बाहेरचं पोतं घरात येत नसे. ही सगळी मेहनत कुणीही केली असती. खरी तिची म्हणावी अशी गोष्ट वेगळीच होती.

जंत मेंढीचं रक्त पितात. रक्त कमी झालं की खालच्या पापणीची आतली बाजू फिकी पडते. लाल-गुलाबी असली तर काळजी नाही, पांढरी पडली तर त्याच दिवशी औषध. लोक काय करतात, सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजून मोकळे होतात. मग औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात, त्यांचीच पैदास वाढते, आणि काही वर्षांनी बाटलीतल्या औषधात आणि नळाच्या पाण्यात फरक राहत नाही. रंगबाई दर दुसऱ्या रविवारी एकेका जनावराची पापणी अंगठ्याने खाली ओढून बघायची आणि गरज असेल तेवढ्यांनाच औषध द्यायची. सहा वर्षांत जंतांनी तिचं एकही जनावर नेलं नाही. लांबून लोक बघायला यायचे. "औषध कमी, डोळा जास्त," असं ती त्यांना ऐकवायची. जरा फुशारकी होती, पण ती तिला शोभायची.

यंदा हवा दमट आणि उबदार होती, जंतांच्या सोयीची. नेमकी तेव्हाच सून बहिणीच्या बाळंतपणाला महिनाभर गेली. रंगबाईला त्याचं काहीच वाटलं नाही. तपासताना जनावरांचे पाय धरायला शेजारीण येत होती. दोन रविवार तिने पापण्या बघितल्या. सगळ्या गुलाबी. औषधाची बाटली तिने उघडलीसुद्धा नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक मेंढी चरता चरता बसली ती उठलीच नाही. रंगबाईला वाटलं, साप. तीन दिवसांनी दुसरी गेली. ही गाभण होती. तिच्या जबड्याखाली पाण्याने भरल्यासारखी सूज होती. आता मात्र तिने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी शेडमागे मेंढी चिरून बघितली. पोट जंतांनी भरलेलं, रक्त पाण्यासारखं पातळ. त्यांनी हातमोजे काढले आणि जपून विचारलं, "बाई, पापण्या बघितल्या नव्हत्या का?"

"रविवारीच बघितल्या. गुलाबी होत्या."

डॉक्टर उठले. कुंपणापाशी तुटक्या कानाची मेंढी उभी होती, तिला धरून त्यांनी पापणी ओढली. "ही कशी आहे?"

"गुलाबी. थोडी फिकी म्हणा हवं तर."

डॉक्टरांनी पापणी आणखी खाली ओढून तिच्यासमोर धरली. मग म्हणाले, "बाई, ही कागदासारखी पांढरी आहे."

रंगबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "सव्वीस वर्षं मी रंग बघितलेत. तुम्ही मला पांढरा शिकवू नका!"

डॉक्टर वाद घालायला थांबले नाहीत. त्या दिवशी त्यांनी पाच जनावरांना स्वतः औषध पाजलं आणि जाताना म्हणाले, "आता सगळ्यांना दर महिन्याला पाजत चला. किंवा दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. पण असं चालायचं नाही. अजून दोन-तीन जातील." त्यांचा राग करावा असं त्या बोलण्यात काही नव्हतं, म्हणून तर तो तिला जास्त आला.

चार दिवसांनी सून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत रंगबाईने तिला शेडमध्ये नेलं. तुटक्या कानाची मेंढी पुढे ओढली. "बघ आणि सांग. खरं सांग."

सुनेने पापणी ओढली. "फिकी पडलीय, आई. औषध दिलंय ना हिला?"

इतका वेळ रंगबाईला आशा होती की सून तरी डॉक्टरांना खोटं ठरवेल. मग तिच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं. सून घरी असताना एकही मेंढी गेली नव्हती. ती जाताच दोन गेल्या.

"तू काय करत होतीस?" तिने विचारलं.

सुनेने पापणी सोडली. मग एकदाची बोलली. "मागच्या वर्षापासून तुम्ही पांढऱ्यांना गुलाबी म्हणायला लागलात. पहिल्यांदा वाटलं, मलाच कळत नाही. मग एक बकरी अडखळायला लागली. तेव्हापासून सोमवारी तुम्ही भाजीच्या वाफ्यात गेलात की आदल्या दिवशी पांढऱ्या दिसलेल्यांना मी औषध पाजत होते. बाटली मशीनच्या खणात ठेवायचे."

"वर्षभर? माझ्या पाठीमागे?"

"तुमच्या तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

रंगबाईला ठाऊक होतं. ऐकलं नसतं. घर डोक्यावर घेतलं असतं.

"लोक बघायला येत होते," ती म्हणाली. "मी त्यांना ज्ञान पाजळत होते. आणि तू बाजूला उभी राहून ऐकत होतीस."

"मला तुमची लाज काढायची नव्हती, आई."

"मग जाताना का नाही बोललीस? दोन जीव गेले माझे. एक तर गाभण."

"वाटलं, महिनाभरात काय होतंय." सुनेने मेंढीच्या जबड्याखाली हात फिरवला. "चुकलंच माझं."

दोघींचं चुकलं होतं, आणि दोघींनाही ते कळत होतं. पण अशा वेळी माणसं समजूतदारपणे गळ्यात पडतात हे फक्त ऐकायला बरं वाटतं. इथे तसं काही झालं नाही. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. मशीन तेवढं चालायचं.

तिसऱ्या दिवशी रंगबाई एकटीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, तो काढता येईल. पण त्याच्या मागचा पडदाही झिजलाय. वाचता येईल, चालता-फिरता येईल. "रंग पहिल्यासारखे दिसतील, असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि घाबरवत नाही, पण तुम्हाला आत्तासुद्धा सगळं नीट दिसतंय असं वाटत असणार. जे दिसत नाही त्यात आतल्या आत मन आपली भर घालत राहतं."

परतताना रंगबाई वाटेत कापडाच्या दुकानासमोर थांबली. काचेमागचे तागे तिला अगदी स्पष्ट दिसत होते. त्यातला एक ती बदामी म्हणाली असती. तो बदामी असेलच असं तिला आता म्हणता येईना. आयुष्यात पहिल्यांदा तिला रंगाची भीती वाटली, आणि भर रस्त्यात तिला रडू आलं.

घरी आल्यावर तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. गिरणीतून निघताना मागून आणलेला. आत कापडाचे बोटभर लांबीचे बारा तुकडे होते. शुभ्र पांढऱ्यापासून फिक्या गुलाबीपर्यंत, पाठीमागे आकडे. नव्या माणसाला खात्यात घ्यायच्या आधी ती हे त्याच्यापुढे टाकायची. बहुतेक जण आठाच्या पुढे जायचे नाहीत. तिने डबा सुनेच्या मशीनवर उपडा केला. "लाव. फिक्याकडून गडदकडे. घाई नको."

सुनेने खिडकी उघडली, तुकडे उजेडात नेले. वेळ घेतला. दोनदा एक तुकडा उचलून पुन्हा तिथेच ठेवला. रंगबाई समोर बसून बघत होती, आणि तिला काहीच कळत नव्हतं. तिच्या दृष्टीने पहिले सात तुकडे एकाच ताग्यातून फाडलेले होते. परीक्षा घेणारी तीच, आणि उत्तर बरोबर की चूक हे सांगणं तिच्या हातात उरलं नव्हतं. शेवटी तिने एकेक तुकडा उलटून आकडे वाचले. बाराही जागच्या जागी.

"कुठे शिकलीस?"

"गिऱ्हाइकाच्या कापडाला दोरा जुळवते ना रोज."

"दोऱ्याला!" रंगबाई म्हणाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीची अशी बरोबरी झालेली तिला सोसवेना. पण आकडे खोटं बोलत नव्हते. डबा तिने परत कपाटात ठेवला नाही, सुनेच्या मशीनवरच राहू दिला.

रविवारी दोघी जाळीच्या आत गेल्या. इतकी वर्षं सून पाय धरायची आणि रंगबाई बघायची. आज रंगबाईने डोकं धरलं. एकेक जनावर पुढे येत होतं. सून पापणी ओढायची आणि रंग सांगायची. गुलाबी. गुलाबी. फिकी, पुढच्या वेळी बघू. प्रत्येक वेळी रंगबाईला विचारावंसं वाटत होतं, नक्की का? दर वेळी ते तिने गिळलं. दर महिन्याला सरसकट पाजायचं ठरवलं असतं तर हे ऐकावं लागलं नसतं. पण मग सहा वर्षं केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं.

नववी आली ती सगळ्यात जुनी मेंढी, इथे पहिल्या दिवशी आणलेली. सुनेने पापणी ओढली, डोकं उजेडाकडे वळवलं, पुन्हा बघितलं.

"पांढरी आहे, आई."

रंगबाई खाली वाकली. अगदी जवळून, नाक लागेपर्यंत जवळून तिने ती पापणी बघितली. तिला ती गुलाबी दिसली, स्वच्छ, निरोगी गुलाबी, गिरणीत असती तर छातीठोकपणे पास केली असती अशी.

ती सरळ झाली. मेंढीचं तोंड एका हाताने उघडलं आणि दुसरा हात मागे केला.

"दे औषध," ती म्हणाली.